वकीलपत्रावरचं दुसरं नाव

प्रकाशा, ४ नोव्हेंबर

नवनीत,

कागद लिहिते आहे, कारण फोनवर तू बोलणं रेकॉर्ड करतोस हे मागच्या वेळी कळलं.

तू राज्य बार कौन्सिलच्या निवडणुकीला उभा राहतो आहेस हे मला पोस्टरवरून समजलं. कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात लावलं आहे. फोटोत तू काळा कोट घातला आहेस. तो तुला होत नाही. बटण लावलेलं नाही त्यावरून कळतं.

काल तुझा पडताळणीचा अर्ज आला. पडताळणी समितीत आम्ही तिघं आहोत. चुनीलाल अध्यक्ष, दिनेश, आणि मी. मला घेतलं कारण बाकी दोघं कागद वाचत नाहीत. मतदारयादीत राहायचं तर प्रत्येक वकिलाला हा अर्ज करावा लागतो; आम्ही तीन गोष्टी बघायच्या. पदवी खरी आहे का, सनद खरी आहे का, आणि गेली पाच वर्षं हा माणूस खरोखर वकिली करत होता का. तिसऱ्यासाठी दर वर्षाचं एक वकीलपत्र जोडायचं. अशील ज्या कागदावर आपल्याला नेमतो आणि आपण खाली सही करून स्वीकारतो, तो कागद. एवढंच मागितलं आहे, आणि एवढ्यानेच वकील संघात धावपळ उडाली आहे. एकाने स्वतःच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका जोडली. तिच्यावर त्याच्या नावाआधी 'ॲड.' छापलं आहे. दुसऱ्याने न्यायाधीशांच्या निरोपसमारंभातला फोटो जोडला, त्यात तो नारळ घेऊन उभा आहे. दिनेशने दोन्हींवर 'पाहिले' असा शेरा मारला. खोटं लिहिलं असं म्हणता येत नाही. त्याने पाहिलेच.

तुझा अर्ज मात्र नीट आहे. पाच वर्षांची पाच वकीलपत्रं, सगळी आपल्या कोर्टातली, सगळ्यांच्या नकला रीतसर काढलेल्या. वर छापलेलं: ॲड. रोहिणी पाटील, ॲड. नवनीत पाटील. खाली दोघांच्या सह्या.

तू अकरा वर्षांपूर्वी नाशिकला गेलास. त्या दिवशी तुझे तीन अशील पायरीवर बसलेले होते, मी त्यांना सांगितलं की साहेब आजारी आहेत. त्यानंतर तू या कोर्टात एकदाही पाय ठेवला नाहीस. प्लॉट पाडलेस, विकलेस. त्याला वकिली म्हणत असतील तर मला माहीत नाही.

या पाच कागदांवरची सही तुझी नाही. अर्ज मागे घे. मी शेरा लिहिलेला नाही. पुढच्या बैठकीपर्यंत थांबते.

छापील कागद जुने होते. गठ्ठा उरला होता, तो वापरत राहिले. त्यात तुझ्यासाठी काही नव्हतं.

रोहिणी


१२ नोव्हेंबर

नवनीत,

तू मला उत्तर न देता आईला फोन केलास. ती पंचाहत्तर वर्षांची आहे, आणि तिला पडताळणी हा शब्द तू शिकवलास. सकाळपासून तो वापरते आहे.

"त्याले मोठा व्हऊ दे ना वं. पोस्टर लागी गयात त्याना. तुले काय जास सही कराले?"

मी म्हटलं, आई, सही माझी मागत नाहीयेत, त्याची मागताहेत. ती म्हणाली, "मंग ती त शे ना कागदवर."

आई अडाणी नाही. तिला जे ऐकायचं नसतं ते तिला समजत नाही. हे तू तिच्याकडून घेतलंस.

मग तिने फोन माझ्या हातात दिला. तू म्हणालास ते शब्दशः लिहून ठेवते, रेकॉर्ड मीही ठेवू शकते.

"अक्का, सही मन्ही नही, कबूल. मंग कोन्ही शे? तू सांगशी का मी सांगू?"

आणि हसलास.

ठीक. सांगते. तू गेल्यावर पहिले काही महिने तुझी सही मी करत होते. चालू कामांत दोघांची नावं होती, प्रत्येक तारखेला 'साहेब कुठे' याचं उत्तर देण्यापेक्षा सही करणं सोपं. वाईट केलं. पण तू ज्या थाटात विचारलंस त्यावरून वाटलं की तुला याहून जास्त माहीत आहे. कोणी सांगितलं? दिनेशने? तो तुझ्या पॅनेलचं काम करतो हे मला काल कळलं.

चुनीलालशी बोलले. बार रूममध्ये पाय खुर्चीवर घेऊन बसला होता.

"रोहिणी, तू कसाले इतली खोल जास? पाच वकीलपत्रं मांगेल शेतस, पाच जोडेल शेतस. मोजता येस ना तुले?"

"सही खोटी आहे, चुनीलालभाऊ."

"सही खरी शे का खोटी, हाई आपले कोनी इचारं? आपले इतलंच इचारेल शे, कागद शे का नही."

पस्तीस वर्षं वकिली केलेला माणूस. पुरावा म्हणजे काय हे त्याने शेवटी असं समजून घेतलं. त्याचा मुलगा यंदा सनद घेतो आहे.

दुसरी गोष्ट. गोवालचा अर्ज अडला आहे. तू त्याला पाहिलेलं नाहीस. धडगावच्या वरच्या पाड्यातला आहे. सात वर्षं माझ्या हाताखाली काम करतो. पावरी बोलतो, भिली बोलतो, कोर्टात पुस्तकातली मराठी बोलतो. डोंगरातली माणसं माझ्याकडे येतात ती त्याच्यामुळे. त्याच्या अर्जाला एकही वकीलपत्र जोडलेलं नाही. जोडणार कुठून? छापील कागदावर नावं दोनच.

मतदारयादीतून नाव गेलं तर त्याला मत नाही, आणि पुढे वकिली करण्यावरही प्रश्न येणार. तू अर्ज मागे घेतलास तर मी त्याच्यासाठी काहीतरी करू शकते. तुझा अर्ज समोर असताना नाही. का ते विचारू नकोस.

रोहिणी


२१ नोव्हेंबर

नवनीत,

काल बैठक झाली. तुझ्या माणसाने तुला कळवलं असेल. तो जे गाळेल ते मी लिहिते.

गोवालला आत बोलावलं. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला होता आणि त्याने सोबत भुरीबाईला आणलं. तिच्या वनजमिनीचा दावा आणि दिराने केलेली फौजदारी, दोन्ही कामं आमच्याकडे. सकाळी जीपने घाट उतरून आली. समितीला वाटलं हा भावनिक देखावा आहे. दिनेश मोबाईलमध्ये बघत राहिला.

गोवालने तिच्या वकीलपत्राची नक्कल पुढे ठेवली. तिचा अंगठा. अंगठ्याशेजारी तिचं नाव, कारण तिला लिहिता येत नाही. आणि नाव ज्याने लिहिलं त्याने प्रथेप्रमाणे खाली घातलेलं: दस्तुर, गोवाल.

"सर, मी त्या दिवशी हजर होतो याचा हा पुरावा आहे. अशा दोनशे बारा कामांत मी आहे."

चुनीलालने कागद वर धरला. तुला त्याचा आवाज आठवत असेल, सत्काराच्या भाषणासारखा.

"ओ गोवालभाऊ, तू त यामा दस्तुर शे. दस्तुर म्हंजे लिखनारा. कोर्टना बाहेर टेबल मांडीसन बसनारा बी दस्तुर व्हस. वकील कोठे शे यामा?"

दिनेश हसला. "त्याले ते टेबलच दी टाका."

भुरीबाईला चुनीलालने विचारलं, बाई, तुझा वकील कोण. ती प्रश्न समजली नाही, 'वकील' शब्द समजला. तिने गोवालकडे बोट केलं. मग माझ्याकडे बघून गोवालला काहीतरी विचारलं. त्याने भाषांतर केलं नाही. मी नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, "त्या विचारत होत्या, या बाई कोण."

दोन वर्षांत मी तिच्या कामात नऊ वेळा उभी राहिले आहे.

अर्ज नामंजूर करायचं ठरलं. दोघांचं मत. माझं मत विचारलं तेव्हा मी म्हटलं, मला वेळ पाहिजे. असं म्हणायची सवय मला न्यायाधीशांसमोर लागली आहे. मग तुझा अर्ज निघाला. दोघांनी मंजूर म्हटलं. मी पुन्हा वेळ मागितला. चुनीलाल म्हणाला, दोन्हींचा निकाल सत्तावीसला, तवलोंग काय टाइम लेवाना तो ली ले.

आता तुला हवं होतं ते. सही गोवालची आहे.

काही महिने नाही, पहिली चार वर्षं मीच करत होते; मग कंटाळले. मग तो आला. अंगठा घ्यायचा, नाव लिहायचं, दस्तुर घालायचं, आणि त्याच पेनाने तुझी सही. मी शिकवली. "त्याची पण मारून टाक," असं मी म्हणायची. दोनशे बारा वेळा म्हटलं असेन. तू जोडलेल्या पाचही कागदांवर तुझी सही आणि गोवालचं दस्तुर एकाच शाईत, तीन बोटांच्या अंतरावर आहेत. चुनीलालने भुरीबाईचा तसाच कागद वर धरला तेव्हा उजेड आरपार येत होता. त्याला दिसलं नाही. दिसेल असं मला वाटलंही नव्हतं.

म्हणून तू हसलास. सही तुझी नाही असं मी लिहिलं की पहिला प्रश्न, मग कोणाची. उत्तर गोवाल. बनावट सही, सनद रद्द. त्याच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला तो पहिला माणूस. तू त्याचा हिशोब करून अर्ज पाठवलास. प्लॉट विकताना लागते ती हुशारी.

पण मी सही माझी आहे असं लिहून देणार आहे. सगळ्या. प्रतिज्ञापत्र करते. तुझी सही मी आधी करतच होते, हात बसायला दोन दिवस लागले. गोवालने तुझ्या 'न'ला जो आकडा दिला आहे तो मूळ सहीत नव्हता. तो शिकावा लागला.

जाऊ दे माझी सनद. एकोणतीस वर्षं पुष्कळ झाली. तुला पाडायला मला तेवढी किंमत चालेल.

रोहिणी


२८ नोव्हेंबर

नवनीत,

मी पाडलं नाही. ऐक.

कोर्टाच्या आवारात टायपिस्ट एकच आहे. माझं प्रतिज्ञापत्र त्याच्या यंत्रावर होतं, आणि शेजारच्या बाकावर गोवाल स्वतःचा मसुदा घेऊन बसला होता. त्याने माझं वाचलं. मला वाटलं तो गप्प होईल, डोळ्यांत पाणी वगैरे. मी त्याची तयारी ठेवली होती. काय बोलायचं तेही ठरवलं होतं.

तो म्हणाला, "मॅडम, हे खोटं आहे."

"तुझ्यासाठी आहे."

"मी मागितलं नव्हतं."

"तुझी सनद जाईल, मूर्खा."

"मग पुरावाही जाईल. तुम्ही असं लिहिलंत तर त्या दोनशे बारा दिवशी मी तिथे नव्हतो. दस्तुर म्हणून होतो. चुनीलाल सर म्हणतात तसा. बाहेरच्या टेबलवरचा."

मी म्हटलं, बाकीचं नंतर बघू, आधी हे संकट जाऊ दे. तो टायपिस्टसमोर, आवाज न चढवता म्हणाला:

"सात वर्षांत कागद तीनदा छापून आले. तिन्ही वेळा प्रेसमध्ये मीच जात होतो. पहिल्या वेळी तुम्ही म्हणालात, पुढच्या छपाईत तुझं नाव घालू. दुसऱ्या वेळी म्हणालात, आत्ता घाई आहे. तिसऱ्या वेळी प्रेसवाल्याने मला विचारलं, नावं तीच का. मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, तीच."

पहिल्या पत्रात मी तुला लिहिलं की गठ्ठा उरला होता. गठ्ठा तू गेल्यावर दोन वर्षांतच संपला. एकदा मी छापून आणला, नंतर तीनदा त्याने. मी 'तीच' का म्हटलं हे त्याने विचारलं नाही. त्याला माहीत होतं. तापीकाठचे आमचे अशील, केळीवाले, पपईवाले, कागद हातात घेऊन आधी नावं वाचतात. दोन पाटील वाचून सही करतात. पाटीलच्या शेजारी गोवालचं पावरा आडनाव वाचलं असतं तर सही केली असती का, मला माहीत नाही. विचारून पाहिलं नाही. एका पळून गेलेल्या माणसाचं नाव मला चाललं. रोज समोर बसणाऱ्याचं नाही. चुनीलाल निदान तोंडावर हसतो.

हे तुला लिहायचं कारण तू नाहीस. दुसऱ्या कोणाला लिहिता येत नाही.

काल समितीपुढे त्याने स्वतःचं प्रतिज्ञापत्र ठेवलं. नक्कल सोबत पाठवते. मधला भाग असा:

"सोबतच्या दोनशे बारा वकीलपत्रांवर ॲड. नवनीत पाटील या नावाने असलेली सही माझ्या हातची आहे. ती मी ॲड. रोहिणी पाटील यांच्या सांगण्यावरून केली. ती चूक होती. सही केली त्या प्रत्येक दिवशी मी न्यायालयात हजर होतो, अशिलाशी त्याच्या भाषेत बोललो व काम चालवले. याच सह्या माझ्या पाच वर्षांच्या व्यवसायाचा पुरावा म्हणून सादर करत आहे."

दिनेशने पहिल्यांदा मोबाईल उलटा ठेवला.

"हाऊ येडा शे का?" चुनीलाल मला म्हणाला. गोवाल समोर उभा असताना, मला.

मी म्हटलं, नाही.

मग मी माझं खोटं प्रतिज्ञापत्र फाडलं आणि गोवालच्या प्रतिज्ञापत्रावर लिहिलं, 'मजकूर खरा. सांगणारी मी.' सही केली. माझी.

चुनीलाल म्हणाला, ताई, असं लिखी देतंस का कोनी? मिटवी टाकतू ना आपन. इतला मानसं शेतस, एक बी बोलता ना.

हे मात्र त्याने खरं सांगितलं. कोणी बोललं नसतं.

रोहिणी


११ डिसेंबर

नवनीत,

तात्पुरती यादी लागली. आपल्या तालुक्यातून एकसष्ट नावं. पत्रिकावाला आहे. नारळवाला आहे. तुझं नाही, माझं नाही, गोवालचं नाही. तिघांपुढे एकच शेरा: निर्णय होईपर्यंत राखून. तुझं पोस्टर झेरॉक्सवाल्याने काढलं नाही, त्याच्यावर दुसऱ्याचं लावलं. तुझा एक कान दिसतो.

या सह्यांच्या चौकशीची राज्य कौन्सिलची नोटीस तुलाही मिळाली असेल. तुला साक्षीसाठी बोलावलं आहे. आईने कालपासून मला तीन वेळा विचारलं की मी ती परत घेऊ शकते का. मी म्हटलं, ती माझी नाही. आता ती माझ्याशी बोलत नाही. चहा ठेवते, कप आपटते.

तुला एकच विचारतील, या सह्या तुझ्या का. माझ्या म्हणालास तर त्या पाच तारखांना तू इथे होतास. त्यातल्या तीन तारखांना नाशिकच्या दुय्यम निबंधकाकडे तुझा अंगठा आणि फोटो घेतलेला आहे, प्लॉटच्या दस्तांवर. त्या दस्तांच्या नकला मी काढल्या. कोणी सांगितलं नव्हतं. सवय आहे. नाहीत म्हणालास तर तू अकरा वर्षांत एक दिवसही वकिली केली नाहीस, आणि तुझ्या पोस्टरवर लिहिलं होतं 'सामान्य वकिलाचा आवाज'. वकील लावून येशील. तो तुला आठवत नाही असं म्हणायला सांगेल. तेच म्हण. ते तुला जमतं, आणि तुझ्याकडून यापेक्षा बरं काही मी मागत नाही.

मला काय होईल ते ठाऊक नाही. दोन वर्षं, पाच वर्षं, कायमची. बारमध्ये मी तिघांना विचारलं, माझ्या बाजूने उभं राहाल का. एक म्हणाला डायबिटीस आहे. एक म्हणाला निवडणूक होऊ दे. तिसऱ्याने मला प्रतिप्रश्न केला की मी असं का केलं, आणि उत्तर ऐकायला थांबला नाही. एकोणतीस वर्षं या लोकांबरोबर मी चहा प्यायले. मी त्यांच्याबद्दल काय समजते हे त्यांना माहीत होतं असं दिसतं.

मग गोवालकडे गेले. त्याने आमचं ऑफिस सोडलं आहे. बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानाच्या वर, एक खोली घेतली आहे. निर्णय होईपर्यंत सनद चालू आहे, तो काम करतो. नावाची पाटी नाही. जिन्याखाली चपला असतात त्यावरून खोली सापडते.

मी वकीलपत्र कोरं नेलं होतं. बाजारातलं, कोणाचंच नाव न छापलेलं. त्याचं नाव मी हाताने घातलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. खाली अशिलाच्या जागी सही केली आणि टेबलावर ठेवलं. माझ्या मनात असं होतं की हे एक प्रकारे भरपाईचं आहे. खोटं कशाला बोलू, मला ते सुंदर वाटलं होतं.

त्याने पूर्ण वाचलं. तो सगळंच पूर्ण वाचतो, ते मी शिकवलं.

"मॅडम, मला घेता येणार नाही. मी यात साक्षीदार आहे."

"कोणाच्या बाजूचा?"

"विचारतील त्याचं उत्तर देईन."

"मी सांगितलं म्हणून केलंस, असं सांगशील."

"हो."

"नाव घातलं नाही, तेही?"

"विचारलं तर."

बरोबर होतं. मी त्याच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं, फक्त इतक्या शांतपणे नाही. त्याने कागद माझ्याकडे सरकवला. मी काहीतरी बोलणार होते, त्याच्या बापाची तब्येत वगैरे, सात वर्षांत न विचारलेलं. दारात एक म्हातारा आणि त्याची सून उभी होती, मागे जिन्यावर आणखी दोघं. गोवाल त्यांच्याशी पावरीत बोलला. म्हाताऱ्याने माझ्या खुर्चीकडे पाहिलं. खोलीत अशिलाला एकच खुर्ची आहे.

मी उठले.

रोहिणी